पाणथरीची शत्रू
उन्हाळी, म्हणजेच शरपुंखा. कोरड्या माळावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. पान ओढून तोडलं की बाणाच्या पिसाऱ्यासारखं तुटतं, त्यावरून हे नाव. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिला 'प्लीहशत्रू' म्हटलंय. प्लीहा म्हणजे आपली पाणथरी.

वारंवार हिवताप आला की पाणथरी वाढते. इंग्रजी अमदानीत मुलांची पोटं चाचपून गावातला हिवताप मोजत. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्याचा परजीवी दिसला, तोही सिकंदराबादेत. आपलं उदगीर तेव्हा त्याच निजामी राज्यात!

काढ्याने पाणथरी उतरलीही असेल. पण हिवताप गेला की ती बहुधा आपणहूनही उतरते. टायफॉइड, यकृताचे विकार, रक्ताचा कर्करोग यांतही ती वाढते. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, रक्त तपासून घ्या.