वेग मोठा की उपयोग? : छोट्या जेट विमानांची कथा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कामगार चळवळीतला माणूस बोनस, महागाई किंवा संप यांविषयी बोलेल. ते आम्ही वर्षभर कारखान्याच्या फाटकावर बोलतच असतो. वसंतातल्या संध्याकाळी निराळे काही बोलावे म्हणून आम्ही विमानांचा विषय घेतला. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. विमानात आम्ही आयुष्यात दोनदाच बसलो, तेही मोठ्या. मग धनिकांच्या खासगी जेट विमानांशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो शेवटी सांगू.

या कथेचा पहिला नायक विल्यम लिअर. त्याचा जन्म १९०२ सालचा, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला. शाळा आठवीपर्यंत, म्हणजे आमच्याहूनही एक इयत्ता कमी. पण माणूस मोठा खटपटी. मोटारीत रेडिओ बसविण्याच्या उद्योगात त्याचा हात होता. विमान आपोआप सरळ ठेवणाऱ्या यंत्राबद्दल त्याला १९४९ सालचे कॉलियर पारितोषिक मिळाले. साठीकडे झुकल्यावर त्याने ठरविले की, व्यापाऱ्यांसाठी लहान जेट विमान बांधायचे. जेट तोवर नव्हते असे नाही. पण होते ते अवजड आणि महाग.

लिअर प्रथम स्वित्झर्लंडला गेला. तेथे पी-१६ नावाचे एक लढाऊ विमान तयार होत होते. ते १९५५ मध्ये प्रथम उडाले, त्याची दोन विमाने अपघातात गेली आणि १९५८ मध्ये स्विस सरकारने योजनाच रद्द केली. आल्प्सच्या दऱ्यांतील आखूड धावपट्ट्यांवरून उडता यावे म्हणून त्याच्या पंखांची रचना खास केलेली होती. तो अनुभव लिअरने उचलला आणि १९६२ मध्ये आपला पसारा अमेरिकेत, कॅन्सस राज्यातील विचिटा शहरी हलविला. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी 'लिअरजेट २३' आकाशात गेले.

या विमानाचे वजन जाणूनबुजून १२,४९९ पौंड ठेवले होते. १२,५०० पौंडांच्या वर मोठ्या विमानांचे कडक नियम लागू होत. एका पौंडाने लिअर त्यांतून सुटला! इंजिने लष्करी जातीची, आवाज कानठळ्या बसविणारा, इंधनाची भूक राक्षसी. पण वेग तासाला साडेआठशे किलोमीटरांच्या घरात. चाचणीच्या वेळी, जून १९६४ मध्ये, पहिला नमुना कोसळून जळाला. पंखांवरच्या, हवा अडविणाऱ्या झडपा उघड्या राहिल्या असताना ते उडविले गेले होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. विम्याचे पैसे आले, दुसऱ्या नमुन्यावर काम पुरे झाले आणि जुलैअखेर परवाना मिळाला. लिअरजेट हे नाव थोड्याच वर्षांत खासगी जेटला पर्यायी शब्द होऊन बसले.

परंतु वेगाची किंमत असते. एस.टी.च्या कोणत्याही चालकाला विचारा, तो सांगेल की, गाडीचा वेग दीडपट झाला तर ब्रेक लावून थांबायला सव्वादोनपट जागा लागते. विमानाचे तेच. उतरण्याचा वेग जितका अधिक, तितकी धावपट्टी लांब हवी. शिवाय पंख्याच्या विमानावर वाढलेला वैमानिक एकदम जेटवर बसला की, त्याचे मन विमानाच्या मागे पडते. विचार करायला पूर्वी पाच मिनिटे मिळत, तेथे आता दोन मिळतात. सुरुवातीच्या लिअरजेटांपैकी कित्येक अपघातांत गेली, त्यामागे हे एक कारण होते.

त्याच विचिटा शहरात सेस्ना नावाचा दुसरा कारखाना होता. लहान पंख्याची विमाने हा त्याचा धंदा. त्याने १९६८ मध्ये जेट जाहीर केले, आणि ते १५ सप्टेंबर १९६९ रोजी उडाले. पुढे त्याचे नाव 'सायटेशन' पडले. या मंडळींनी प्रश्नच उलटा विचारला. विमान किती वेगाने जाईल, हे न विचारता ते कोठे कोठे उतरू शकेल, हे विचारले. पंख सरळ आणि मोठे, वजन कमी, इंजिने शांत आणि मितभाषी. तीनेक हजार फुटांची धावपट्टी त्याला पुरे. वेग मात्र तासाला साडेसहाशे किलोमीटरच. किंमत ६,९५,००० डॉलर, आणि त्यातच वैमानिकाचे शिक्षण व देखभालीची सोय धरलेली.

वैमानिकांनी त्याची भरपूर टिंगल केली. 'स्लोटेशन' म्हणाले, 'निअरजेट' म्हणाले. या विमानाला पाखराची टक्कर मागूनही बसते, असा विनोद निघाला. पण आपण जरा पाटीवर हिशेब मांडून पाहू. पाचशे किलोमीटरांचा प्रवास, चढउतार सोडून, लिअरजेटला पस्तीस मिनिटे आणि सायटेशनला शेहेचाळीस. फरक अकरा मिनिटांचा. अमेरिकेत सार्वजनिक विमानतळ सुमारे पाच हजार. कंपन्यांची नियमित प्रवासी विमाने जातात ती त्यांतल्या पाचशेच्या आसपास ठिकाणी. जलद विमानाने लांबच्या मोठ्या विमानतळावर उतरून तासभर मोटार हाकायची, की मंद विमानाने गावाशेजारीच उतरायचे? अकरा मिनिटे तर मोटारीत बसण्यातच गेली! दीड हजार किलोमीटरांच्या प्रवासात फरक अर्ध्या तासाचा होतो, तेथे मात्र वेगाचा पक्ष बळकट ठरतो. म्हणजे उत्तर एकच नाही. ते कामावर अवलंबून आहे.

सायटेशनचा संथपणा सुरक्षितपणाही ठरला. १९७७ पासून एकाच वैमानिकाने चालविण्याचा परवाना असलेली सायटेशन मिळू लागली, आणि या विमानांच्या सुरक्षिततेबद्दल कंपनीला १९८५ सालचे कॉलियर पारितोषिक मिळाले. या कुळातील विमानांची संख्या पुढे सात हजारांवर गेली. लिअरजेटांची तीन हजारांवर थांबली.

गंमत पाहा. ज्यांना मंद म्हणून हिणवले, त्यांनाच पुढे वेगाचा मोह झाला. सेस्नाने 'सायटेशन टेन' बांधले, १९९६ मध्ये त्याला परवाना मिळाला. ध्वनीच्या वेगाच्या ब्याण्णव टक्के वेगाने ते जाई. नागरी विमानांत काँकॉर्डखालोखाल त्याचे नाव घेत. विमान उत्तम होते, तरी २०१८ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. त्याच कंपनीची साधी, लहान, सर्वांच्या कामी पडणारी जेट विमाने मात्र पुढेही तयार होत राहिली.

आणि कथा फिरून स्वित्झर्लंडला आली. स्टान्स गावच्या पिलाटस कारखान्याचे 'पीसी-२४' हे जेट मे २०१५ मध्ये उडाले, डिसेंबर २०१७ मध्ये त्याला परवाना मिळाला. ते खडीच्या, मातीच्या पट्टीवरही उतरते. मागे मालासाठी रुंद दार आहे. आणि वेग तासाला आठशे किलोमीटरांवर. ऑस्ट्रेलियात १९२८ पासून दूरच्या वस्त्यांना वैद्यकीय मदत पोहोचविणाऱ्या 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस'ने २०१८ च्या अखेरीस ते घेतले. तीन रुग्णांना स्ट्रेचरवर झोपवून नेता येते. जेथे डांबरी पट्टी नाही, तेथल्या बाळंतिणीला साडेआठशेचा वेग काय कामाचा? विमान दाराशी आले तरच तिच्यासाठी वेगाला अर्थ.

आता आमचा संबंध सांगतो. लिअरजेटची मालकी १९६७ मध्ये गेट्स रबर कंपनीकडे आणि पुढे १९९० मध्ये बोंबार्डिअरकडे गेली. २०१२ मध्ये विचिटाच्या कामगारांनी पाच आठवडे संप केला. आरोग्यविम्याचा वाढता बोजा हा त्यातला एक मोठा मुद्दा. जानेवारी २०१५ मध्ये 'लिअरजेट ८५' या नव्या विमानाचे काम थांबविले आणि विचिटा व मेक्सिकोतील क्वेरेतारो मिळून सुमारे एक हजार माणसे घरी गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिअरजेटचे उत्पादनच बंद करण्याची घोषणा झाली; मार्च २०२२ मध्ये शेवटचे विमान गिऱ्हाइकाला दिले गेले. वेगाचे नाव राहिले, रिव्हेट मारणारे हात रिकामे झाले.

हे वाचताना आम्हाला आमचाच एक करार आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात मालकाने वाढीव उत्पादनावर जादा पैसे देऊ केले. अट अशी की, प्रत्येकाने एकाच यंत्रावर, एकाच भागावर बसायचे. हात बसला की वेग वाढतो. पगार वाढला, पोरे खूश झाली, आम्हाला हार घातले. एका म्हाताऱ्या फिटरने तेवढे विचारले, "साहेब, हा भाग उद्या बंद पडला तर या पोरांना दुसरे काय येईल?" आम्ही हसून वेळ मारून नेली. सहा वर्षांनी तो भाग बंद पडला. सत्तर माणसे सुटली. दहा-बाराच दुसरीकडे लागली, तीही सर्व कामे शिकलेली जुनी माणसे. त्या करारावर युनियनच्या वतीने सही आमची होती. दोष मालकावर ढकलून आम्हाला झोप आलेली नाही.

म्हणून वैमानिकांचा हा वाद आम्हाला परका वाटत नाही. वेग वाईट, असे आमचे म्हणणे नाही. शस्त्रक्रियेसाठी कोणाचे हृदय दुसऱ्या शहरी न्यायचे असेल, तर प्रत्येक मिनीट मोलाचे. पण वेग कशासाठी, कोठवर आणि कोणाच्या जिवावर, हे विचारण्याची मुभा विमान चालविणाऱ्याला आणि यंत्र चालविणाऱ्याला असली पाहिजे. पट्टी आखूड आहे, मी उतरणार नाही, असे वैमानिक म्हणू शकतो, म्हणून मागे बसलेली माणसे घरी पोहोचतात.

तो म्हातारा फिटर आता नाही. पण नवा करार समोर आला की, सही करण्यापूर्वी आम्ही त्याचा प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारतो.