वारा, वास आणि पारधी

गेल्या महिन्यात विस्कॉन्सिनहून भाच्याचा फोन आला. तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सुमारास नऊ दिवस बंदुकीनं हरणं मारायचा मोसम असतो. ह्याचा शेजारी दरवर्षी जातो. "मामा, त्याच्या गॅरेजमध्ये एक गंमत पाहिली," म्हणाला. एका चेनच्या मोठ्या पिशवीत शिकारीचे कपडे, बूट, टोपी, पाठीवरची सॅक असं सगळं कोंबलेलं, आणि पिशवीला एक छोटं यंत्र जोडलेलं. ओझोनचं! रात्रभर यंत्र चालवायचं म्हणजे कपड्यांना लागलेला माणसाचा वास जातो आणि हरणाला पत्ता लागत नाही. "आपल्याकडे असं काही होतं का हो? अण्णाकाका शिकार करायचे ना?"

ह्या प्रश्नानं मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ओझोनचं सांगतो. मास्तरकीची खोड आहे, चालवून घ्या. 1785 साली हॉलंडमध्ये व्हॅन मारुम नावाच्या शास्त्रज्ञाला विजेच्या ठिणग्या पाडणाऱ्या यंत्राजवळ एक चमत्कारिक वास आला होता. त्याचा छडा लावायला पुढे अर्धशतक लागलं. 1839-40 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी शोनबाइन नावाच्या प्राध्यापकानं ओळखलं की हा वास एका वेगळ्या पदार्थाचा आहे. त्यानं नाव दिलं ओझोन. ग्रीक भाषेत वास येणे ह्या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यावरून. म्हणजे पाहा, आज जो वायू वास घालवायला वापरतात, त्याचं नावच मुळी 'वास मारणारा' असं आहे! तुम्हीही हा वास घेतलेला आहे. झेरॉक्सच्या दुकानात मशीन तासभर चाललं की जो जरासा झणझणीत वास येतो ना, तो. कधी कधी वळवाच्या पावसात वीज कडाडल्यावरही येतो. (मातीचा सुगंध वेगळा, त्याच्याशी घोटाळा करू नका.)

आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. हा तिसरा अणू घरात उपऱ्यासारखा असतो, कुठे जाऊन चिकटू असं त्याला झालेलं असतं. घामाच्या, धुराच्या, तेलाच्या वासाचा रेणू भेटला की हा त्याच्यावर तुटून पडतो, त्याचे तुकडे करतो आणि मूळ वास नाहीसा होतो. 1857 साली जर्मनीत सीमेन्सनं विजेच्या साहाय्यानं ओझोन तयार करायची नळी बनवली. 1906 साली फ्रान्समधल्या नीस शहरात पिण्याचं पाणी शुद्ध करायला ओझोन वापरू लागले. आता भाज्या धुवायची ओझोनची यंत्रं आपल्याकडेही मिळतात.

पण हा काही साधा सोज्वळ वायू नव्हे. आकाशात पंधरा-वीस किलोमीटरच्या वर असतो तोवर तो आपलं ऊन्हापासून रक्षण करतो. घरात आला की छातीला त्रास देतो. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची जी मर्यादा घातली आहे ती हवेच्या एक कोटी भागांत ओझोनचा एक भाग, एवढी कमी. रबराला तो तडे पाडतो, म्हणजे बुटाचे तळवे आणि कमरेचं इलॅस्टिक दोन्ही गेलं. आणि गंमत म्हणजे माणसाच्या कातडीवरच्या तेलाशी त्याचा संबंध आला की त्यातून नवीनच रसायनं तयार होतात. म्हणजे वास पुरता जात नाही, थोडा बदलतो. भाच्याला मी एवढंच म्हटलं, तुझ्या शेजाऱ्याला सांग, यंत्र घराबाहेर चालव आणि पिशवी उघडताना तोंड पुढे नेऊ नकोस.

आता त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

आमचे अण्णाकाका शिकार करायचे हे नात्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. येवल्याकडच्या माळरानावर तेव्हा काळविटांचे कळप असत. (आजही ममदापूरकडे आहेत, आता तिथे राखीव क्षेत्र आहे.) ही गोष्ट 1960 च्या आसपासची, मी नऊ-दहा वर्षांचा. काकांकडे परवान्याची बाराबोअरची बंदूक होती. शिकारीच्या आदल्या दिवशी घरात एक पारधी यायचा. फासेपारधी. घरात त्याला नाव नव्हतं. 'पारधी आला' एवढंच म्हणायचे.

तो आला की काकांचं वागणं बदलायचं. त्या दिवशी अंगाला साबण नाही, डोक्याला तेल नाही, विडी नाही, जेवणात कांदा-लसूण नाही. शिकारीचा खाकी सदरा आणि विजार चार दिवस आधीच गोठ्यात गुरांच्या वर टांगलेली असे. पारधी म्हणायचा, "मालक, आज गोठ्यातच निजा." आणि आमचे काका, ज्यांना गादीवरची चादर जरा चुरगळलेली चालत नसे, ते निमूट शेणामुताच्या वासात कडब्यावर निजत! आम्हा पोरांना त्याचं फार हसू येई.

पहाटे निघताना पारधी चिमूटभर राख हवेत सोडायचा. राख जिकडे उडेल ती दिशा सोडून द्यायची. वारा सावजाकडून आपल्याकडे आला पाहिजे, आपल्याकडून सावजाकडे जाता कामा नये, हा शिकारीचा पहिला धडा. एकदा मला त्यानं राख हातात देऊन सोडायला लावली होती आणि ती कुठे जाते ते विचारलं होतं. मी चुकीची दिशा सांगितली. तो हसला नाही, पुन्हा चिमूट दिली.

पारध्यांची जुनी रीत तर ह्याहून पुढची. त्यांच्यातले काही लोक शिकवलेली गाय घेऊन काळविटांकडे जात. गाय चरत चरत पुढे, माणूस तिच्या आडोशानं वाकून मागे. काळवीट पाहतं तर गाय, वास येतो तो गाईचा. अगदी जवळ गेल्यावर फासे मांडायचे. त्यांना म्हणूनच गायपारधी म्हणत. भाच्याच्या शेजाऱ्याचं यंत्र जे काम करतं, तेच काम इथे एक गाय करत होती. शिवाय दूधही देत होती!

जिम कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' (1944) वाचताना मला त्या पारध्याची आठवण झाली होती. कॉर्बेट म्हणतो, माणसाला वास घेता येत नाही हे वाघाला माहीतच नसतं. त्यामुळे नरभक्षक वाघ माणसावरही वारा सांभाळूनच चालून येतो. कॉर्बेटनं ह्या गोष्टीचा उपयोग करून जीव वाचवला. त्याचं पुस्तक जगभर गेलं. आमच्या पारध्यालाही वाऱ्याचं शास्त्र तेवढंच पक्कं ठाऊक असणार. पण त्याचं पुस्तक कोण लिहिणार?

मराठी घेऊन बी.ए. केल्यामुळे शब्दांची पाळंमुळं खणायची सवय लागली. 'पारध' हा शब्द संस्कृत 'पापर्द्धि' वरून आला, प्राकृतात तो 'पारद्धि' झाला. पापर्द्धि म्हणजे पापाची वाढ, भरभराट. शिकार म्हणजे पाप, हे शब्दातच आहे. पण गंमत बघा, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला, त्यात मृगया हा राजाचा विनोद म्हणून सांगितला आहे. म्हणजे राजानं केली तर मृगया, पारध्यानं केली तर पापर्द्धि.

इंग्रजांनी ह्यावर कायद्याचा शिक्का मारला. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, 1911 साली तो सुधारून मुंबई इलाख्यासकट सगळीकडे लागू करायची सोय झाली. ज्या जमातींची नावं त्यात घातली, त्यांत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार! पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायला परवानगी, आणि पुष्कळांना तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट त्यासाठी प्रसिद्ध होती. 1952 च्या 31 ऑगस्टला हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मी ज्या पारध्याबद्दल लिहितोय, त्याचं निम्मं आयुष्य ह्या कायद्याखाली गेलं असणार. काकांच्या शेजारी बसून तो राख उडवत होता तेव्हा कायदा जाऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती.

आणि आमच्या घरात? तो अंगणाच्या कडेला बसायचा. त्याची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी असायची. आजी आम्हाला म्हणायची, "त्याच्याजवळ जाऊ नका रे, वास येतो." त्याच वेळी काका गोठ्यात टांगलेला सदरा मोठ्या कौतुकानं हुंगून बघत असायचे, आपला वास गेला की नाही म्हणून. दोन्ही गोष्टी मी एकाच ओट्यावरून पाहिल्या आहेत. त्यात काही विसंगत आहे असं घरातल्या कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे कडक संरक्षण. 1991 च्या दुरुस्तीनंतर तर शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. कायदा योग्यच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो नसता तर ममदापूरला आज एक काळवीट दिसलं नसतं. अण्णाकाकांनी बंदूक विकून टाकली आणि पुढे द्राक्षाच्या बागेत रमले. काकांचा छंद गेला. पारध्याचं मात्र पोट गेलं. वर ते वर्ष 72 च्या दुष्काळाचं. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण झोप उडाली ती ह्यामुळे नाही.

1978 साल असावं. मी तालुक्याच्या गावी एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. पाचवीच्या वर्गात एक फासेपारध्याचा मुलगा आला. गावाबाहेर त्यांची पालं पडली होती. मुलगा चुणचुणीत होता, पाढे पटापट म्हणायचा. आठवड्याभरात मुलांनी तक्रार केली, "गुरुजी, ह्याचा वास येतो." मी काय केलं? त्याला दाराजवळ एकटं बसवलं. आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "उद्या आंघोळ करून ये बरं का." खिशातून पैसे काढून साबणाची वडीही आणून दिली. आपण केवढं चांगलं काम केलं असं मला वाटलं होतं.

तो चार दिवस आला. पाचव्या दिवसापासून आला नाही. पालं हलली असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. महिन्याभरानं सायकलवरून जाताना पाहिलं तर पालं तिथेच होती. पुढे गेलो नाही. पुष्कळ दिवसांनी शाळेच्या शिपायाकडून कळलं की त्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. अर्ध्या कोसावरच्या नाल्यातून ते प्यायला पाणी आणत. मी त्याला साबण दिला होता, पाण्याचं विचारलं नव्हतं.

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' 1987 मध्ये. दोन्ही मी शाळेच्या वाचनालयासाठी आग्रहानं मागवली, मुलांना वाचायला दिली. इतिहासाच्या तासाला 1871 चा कायदा पुस्तकात नसताना शिकवला. पण त्या मुलाला पाढे म्हणायला वर्गात परत आणलं नाही. सायकल वळवून पालांकडे जायला पाच मिनिटं लागली असती.

वासाचं असं आहे. हरणाला माणसाचा वास म्हणजे धोका वाटतो, ते त्याचं बरोबरच आहे, ते पळतं. आपण माणसं मात्र दुसऱ्याच्या वासावरून त्याची लायकी ठरवतो, आणि तो वास कुठून आला हे विचारत नाही. असो.

परवा भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, त्या पारध्याचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. त्या मुलाचं नाव हजेरीपटामुळे आजही पाठ आहे, ते मी इथे लिहीत नाही. पण ज्या माणसानं मला वाऱ्याची दिशा पाहायला शिकवली, त्याला आमच्या घरानं बारा वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नव्हती. येवल्याकडची आपली जी मंडळी हे वाचत असतील, त्यांच्यापैकी कुणाच्या आई-वडिलांना आठवत असेल तर जरूर विचारा आणि मला कळवा. अण्णाकाकांची मोठी मुलगी सध्या पुण्याला असते, तिलाही पत्र टाकलं आहे.