नववा महिना लागला: घराची तयारी कशी करायची, वाट पाहण्याचे दिवस कसे घालवायचे?

नववा महिना लागला की घरात आवराआवर सुरू होते. माळ्यावरचे सामान खाली येते, बाळाच्या कपड्यांची शोधाशोध होते आणि 'काही कळलं का?' असे विचारणारे फोन वाढतात. या गडबडीत बाळाची खोली सजते, पण रात्री दोन वाजता कळा आल्या तर गाडी कुणाची, हे मात्र ठरलेले नसते. शेवटच्या महिन्यात कोणती तयारी खरंच गरजेची आहे, ते पाहू.

तारीख दिली आहे, मग घाई कशाला?

प्रसूतीची तारीख हा अंदाज असतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ती काढतात. नेमक्या त्याच दिवशी १०० पैकी साधारण ५ बाळेच जन्माला येतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कधीही कळा सुरू होऊ शकतात. म्हणून महत्त्वाची तयारी ३६ व्या आठवड्यापर्यंत संपवलेली बरी. बाळंतपणासाठी माहेरी जायचे असेल तर तिथल्या दवाखान्यात आधीच नाव नोंदवावे. सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफी सोबत न्यावी.

घर आवरताना काय टाळावे?

शेवटच्या आठवड्यांत अनेकींना अचानक साफसफाईचा उत्साह येतो. त्यात गैर काही नाही, पण पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदललेला असतो. स्टुलावर चढून पंखे पुसणे, माळा आवरणे, भरलेली बादली उचलणे ही कामे घरातल्या इतरांनी करावीत.

बाळासाठी खोली रंगवायची असेल तर ते काम लवकर उरकावे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. जुन्या भिंतींवर मात्र शिसे असलेला रंग असू शकतो. तो खरवडताना उडणारी धूळ गर्भाला घातक असते, त्यामुळे त्या काळात गर्भवतीने घरात थांबू नये.

बाळाचे कपडे: डांबरगोळ्यांचा धोका

जन्माआधी बाळासाठी नवे काही आणू नये, असे अनेक मराठी घरांत मानतात. मग भावंडांची जुनी झबली, टोपडी, आजीच्या लुगड्याची दुपटी बाहेर निघतात. धुऊन मऊ झालेले सुती कापड बाळासाठी चांगलेच.

मात्र हे कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले असतील तर सावध राहावे. अनेक गोळ्यांत नॅप्थलीन असते. 'जी-६-पी-डी' या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात नॅप्थलीनमुळे रक्तातील लाल पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीवर जाऊ शकते. बाळात ही कमतरता आहे का, हे जन्माआधी सहसा माहीत नसते. म्हणून असे कपडे आत्ताच काढून पुन्हा पुन्हा धुवावेत आणि मोकळ्या हवेत वाळवावेत. तरीही वास राहिला तर ते बाळासाठी वापरू नयेत.

बाळंतिणीची खोली कशी असावी?

उजेड आणि खेळती हवा असलेली खोली निवडावी. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची आणि धुरी देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे धोका लक्षातही येत नाही. धुराने बाळाच्या श्वसनमार्गालाही त्रास होतो. ऊब हवी असेल तर टोपडे, दुपटे आणि आईच्या अंगाशी धरणे पुरेसे असते.

बाळाला मध चाटवायचा नाही, पहिल्या तासात आईचे दूध द्यायचे, हेही घरातल्या मोठ्यांशी आत्ताच बोलून घ्यावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळ हातात आल्यावर हा वाद घालायला आईच्या अंगात त्राण नसते.

पिशवी आणि गाडी

पिशवी दाराजवळ ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरात सर्वांना माहीत असावे. त्यात हे असावे:

- माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, रक्तगट आणि तपासण्यांचे रिपोर्ट
- समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, सॅनिटरी पॅड, चप्पल
- बाळाचे धुतलेले कपडे, लंगोट, दोन दुपटी
- फोनचा चार्जर, थोडी रोख रक्कम

गाडी कोण चालवणार आणि तो नसेल तर दुसरे कोण, हे ठरवून ठेवावे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण असेल तर २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, तसेच नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १०२ आणि आणीबाणीत १०८ हे क्रमांक आहेत.

उरलेले दिवस कसे घालवायचे?

नोकरदार महिलांना पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सकाळ-संध्याकाळ थोडे चालावे. दुपारी झोप घ्यावी. झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे. डिंक, खारीक, बाळंतशोपा भरून ठेवण्याची कामे बसून करता येतात. सतत येणाऱ्या फोनना घरातल्या कुणी एकानेच उत्तर द्यावे, म्हणजे तिला आराम मिळतो.

कळा लवकर याव्यात म्हणून स्वतःच्या मनाने एरंडेल किंवा कुठलाही काढा घेऊ नये.

रोज न चुकता करायचे काम एकच: बाळाच्या हालचालींकडे लक्ष. 'शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं' हा समज चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार थोडा बदलू शकतो, पण ती मंदावू नये. शंका आल्यास कुशीवर पडून मोजावे. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये.

लगेच कधी निघावे?

- अंगावरून रक्त किंवा पाणी जाऊ लागल्यास
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास
- ताप किंवा झटके आल्यास
- कळा दर पाच मिनिटांनी येऊन तासभर टिकल्यास. दवाखाना लांब असेल किंवा दुसरे बाळंतपण असेल तर त्याआधीच

अनेकदा तपासून घरी परत पाठवतात. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. एक फेरी वाया गेली तरी चालेल, उशीर व्हायला नको.