एसजीपीटी वाढले म्हणजे नेमके काय?

काविळीची शंका आली की डॉक्टर ‘एलएफटी’ लिहून देतात. रिपोर्ट हातात पडला की घरच्यांची नजर आधी एसजीपीटीच्या आकड्यावर जाते. याचेच नवे नाव एएलटी. हे मुख्यतः यकृताच्या पेशींत असणारे एन्झाइम, म्हणजे विकर. पेशींना इजा झाली की ते जास्त प्रमाणात रक्तात उतरते.

लॅबमध्ये हे एन्झाइम वजनाने मोजत नाहीत, त्याच्या कामाचा वेग मोजतात. सीरममध्ये अ‍ॅलानिन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट मिसळले की एएलटी त्यातून पायरुवेट तयार करते. दुसरे एक एन्झाइम त्याचे लॅक्टेट करते आणि त्यात एनएडीएच खर्ची पडते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. ते जितक्या झपाट्याने संपेल, तितका आकडा मोठा. जोडीचे एसजीओटी मात्र हृदयात आणि स्नायूंतही असते. गंमत म्हणजे १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी पुढे आणले होते!

बऱ्याच लॅब साधारण ४० युनिट प्रति लिटर ही वरची मर्यादा धरतात, पण ती सगळीकडे एकच नसते. रक्त बेळगावात दिले आणि डॉक्टर कोल्हापूरचे, असे सीमाभागात चालतेच. अशा वेळी आकड्याशेजारी छापलेली त्याच लॅबची मर्यादा बघावी. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढला असेल तरी दोन्ही आकडे चढू शकतात.

आकडा हजारांत गेला तर तीव्र व्हायरल हिपॅटायटिस किंवा पॅरासिटामॉलचा जादा डोस, अशी कारणे डॉक्टर आधी तपासतात. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय येतो. टीबीच्या गोळ्यांनीही एसजीपीटी वाढते. लक्षणे असताना मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणे नसताना पाचपट झाले तर डॉक्टर गोळ्या थांबवतात. रुग्णाने रिपोर्ट बघून परस्पर बंद केल्या तर टीबी उलटण्याचा धोका असतो.

खरी फसगत होते ती आकडा उतरल्यावर. हिपॅटायटिस ए बहुतेकांना आपोआप बरा होतो, त्यामुळे एसजीपीटी खाली आले की श्रेय झाडपाल्याच्या औषधाला जाते. यकृत निकामी होत असतानाही आकडा उतरतो, कारण एन्झाइम सोडायला पेशीच उरलेल्या नसतात. सिरोसिसमध्ये तर तो नॉर्मलही येतो. म्हणून सोबत बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर बघतात. एसजीपीटी उतरतेय, पण बिलिरुबिन आणि आयएनआर चढतायत, रुग्ण बरळतोय किंवा गुंगीत आहे, असे दिसले तर त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठावे.