अश्वांचीं सहज व्यंगें आणि संघातजन्य व्याधि : शालिहोत्राच्या पोथ्या कशा वाचाव्यात ?

जुनीं दप्तरें हाताळणाऱ्या संग्राहकाच्या हातीं केव्हां ना केव्हां शालिहोत्राची एखादी पोथी येतेच. बहुधा ती आदि-अंतीं तुटलेली असते. मजकूर संस्कृत, परंतु समासांत मराठी औषधांचीं नांवें व वजनें टिपलेलीं असतात. मित्या, वतनें व घराणीं यांचा शोध करणाऱ्यास तींत आपल्या कामाचें कांहीं दिसत नाहीं. भोंवऱ्यांचीं शुभाशुभ फळें, रंगांचे गुणदोष व काढ्यांच्या याद्या वाचून तो ती बांधून ठेवतो आणि मनाशीं म्हणतो कीं, हा भाबड्या समजुतींचा संग्रह आहे. हा निकाल घाईचा आहे असें आमचें मत आहे. आंधळ्या भक्तीनें उलट बाजूचा निकाल देणें मात्र त्याहूनहि अधिक घातक ठरेल. म्हणून या पोथ्यांस नेमका कोणता प्रश्न विचारावा, एवढ्याचाच विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करितों.

तो प्रश्न असा : घोड्याच्या अंगीं जें व्यंग दिसतें तें त्यानें जन्माबरोबर आणलें, कीं चाकरींत मिळविलें ? हा भेद आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. सुश्रुतानें सूत्रस्थानांत व्याधींचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत मातापित्यांच्या बीजदोषापासून येणारे ते आदिबलप्रवृत्त, व बाहेरील आघातानें होणारे ते संघातबलप्रवृत्त, असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. ही वांटणी मनुष्यांच्या रोगांची असली तरी अश्वाच्या बाबतींत तिचें महत्त्व अधिकच आहे. लंगडा मनुष्य कोणी वंशवृद्धीसाठीं निवडीत नाहीं; लंगडा घोडा मात्र पुष्कळदां त्याच कामासाठीं राखला जातो.

याचा सर्वांत जुना दाखला कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतो. म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं 1909 मध्यें हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यांतील अश्वाध्यक्षप्रकरणीं प्रत्येक घोड्याचें कुल, वय, वर्ण, चिन्हें, वर्ग व आगमनस्थान नोंदवावें, आणि अप्रशस्त, व्यंग व व्याधित घोडे वर कळवावेत, असा नियम आहे. चिकित्सेच्या चुकीनें रोग वाढल्यास वैद्यास खर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे; जनावर दगावल्यास त्याची किंमत भरावयाची. कांबोज, सैंधव, आरट्ट व वनायु येथील घोडे उत्तम मानले आहेत. युद्ध, रोग, वार्धक्य किंवा श्रम यांनीं क्षीण झालेल्या घोड्यांस केवळ पोसावें, आणि जे समरास अयोग्य असतील ते पौरजानपदांच्या घोड्यांच्या पैदाशीसाठीं वळू म्हणून लावावेत, असेंहि तेथें म्हटलें आहे.

या शेवटच्या नियमाजवळ वाचकानें क्षणभर थांबावें. समरास अयोग्य म्हणजे कशामुळें अयोग्य ? भाल्याच्या जखमेनें ज्याचा पाय गेला त्याची संतति निर्दोष निपजेल. परंतु ज्याचा पाय किंवा श्वास कुलदोषानें गेला, त्याचा दोष गांवोगांवच्या शिंगरांत पसरेल. नियम एकच, परिणाम दोन. कुलाची नोंद ठेवण्याची आज्ञा देणाऱ्या ग्रंथांतच हा धोका राहून गेला आहे, आणि आजच्या शर्यतींच्या व्यवहारांतहि तो तसाच आहे. पाय निकामी झालेला नामांकित घोडा तेथेंहि वळू म्हणूनच निवृत्त होतो.

पुढील वाङ्मय विपुल आहे. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाची अश्वचिकित्सा हे ग्रंथ बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापले. तंजावरच्या सरस्वती महालांतील नकुलाचें अश्वशास्त्र 1952 मध्यें प्रसिद्ध झालें. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत वाजिवाह्याली, म्हणजे घोड्यांवरून चेंडू खेळण्याचा विनोद, सविस्तर वर्णिला आहे. शालिहोत्राचें फारसी भाषांतर शहाजहानच्या काळीं झालें, व त्याचें इंग्रजी रूप 1788 मध्यें कलकत्त्यास छापलें गेलें. हेमचंद्राच्या कोशांत खोंगाह, सेराह, वोल्लाह अशीं रंगांचीं परकी नांवें आहेत. बाराव्या शतकापावेतों अश्वांचा व्यापार परदेशी सौदागरांच्या हातीं किती गेला होता, तें यावरून दिसतें.

लक्षणशास्त्राचा एवढा विस्तार कां झाला याचें उत्तर आमच्या मतें याच व्यापारांत आहे. समुद्रापलीकडून आलेल्या घोड्याचें कुल गिऱ्हाइकास ठाऊक नसे. सौदागराच्या शब्दापलीकडे पुरावा म्हणजे डोळ्यांपुढें उभें असलेलें जनावर. तेव्हां रंग, भोंवरे, खूर, दांत व चाल यांवरून अंतरंग ओळखण्याचा प्रयत्न होणें स्वाभाविक होतें. आईन-इ-अकबरींत अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला असे सात वर्ग दिले आहेत. तेहि मुख्यत्वें उत्पत्तीचे व प्रतीचे वर्ग आहेत. ती वंशावळ नव्हे.

आतां रंगावरून रोग कळतो काय ? या प्रश्नास अलीकडील शास्त्रानें दिलेलें उत्तर शालिहोत्राच्या वाचकास चकित करील. कांहीं ठिकाणीं रंग व रोग यांचें बीज खरोखरच एक आहे. मात्र तें बहुधा आवडत्या रंगांतच सांपडतें. जो घोडा काळा वा तांबडा जन्मून वयाबरोबर पांढरा होत जातो, त्या सब्जा घोड्याच्या रंगाचें कारण 2008 मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं एका विशिष्ट जनुकांतील द्विरुक्तींत शोधून काढलें. हीच द्विरुक्ति त्वचेंत, विशेषतः शेपटीखालीं, काळ्या गांठी उत्पन्न करिते. पंधरा वर्षांवरील अशा घोड्यांपैकीं बहुसंख्यांस त्या होतात. राजाच्या आरोहणास योग्य म्हणून ज्याची स्तुति झाली, त्या वर्णाच्याच पोटीं हा रोग आहे. अमेरिकेंतील पेंट जातीच्या कांहीं कबऱ्या घोड्यांत रंगाचें एक बीज असें आहे कीं, तें दोहों बाजूंनीं आल्यास शिंगरूं शुभ्र जन्मतें, पण त्याच्या आंतड्यांत मज्जातंतु नसल्यामुळें थोड्याच दिवसांत पोटशुळानें मरतें. याचें कारण 1998 मध्यें निश्चित झालें. चित्त्यासारख्या ठिपक्यांच्या घोड्यांत तें रंगबीज दोहोंकडून आल्यास जनावर जन्मतः रातांधळें असतें.

यावरून पूर्वजांस हें सर्व माहीत होतें असा निष्कर्ष काढणें सर्वथा चुकीचें होईल. भोंवऱ्यावरून धन्याचा मृत्यु वर्तविणें आणि रंगबीजावरून शिंगराचा मृत्यु वर्तविणें यांत नांवापुरतेंच साम्य आहे. पहिल्यास पडताळा नाहीं; दुसरें दहा वेळां पडताळून पाहतां येतें. शरीराची बाह्य खूण अंतःस्थ दोषाची सूचक असूं शकते, ही जिज्ञासा मात्र निरर्थक नव्हती, एवढेंच म्हणतां येईल.

कुलाच्या दोषांचीं उदाहरणें याहूनहि बोलकीं आहेत. अरबी घोड्यांच्या कांहीं घराण्यांत शिंगरूं रोगप्रतिकाराच्या शक्तीवांचून जन्मतें. आईच्या पहिल्या दुधाचें बळ ओसरलें कीं साध्या संसर्गानें तें पांच महिन्यांच्या आंत दगावतें. हा रोग 1973 मध्यें वर्णिला गेला, व त्याचें जनुकीय कारण 1997 मध्यें कळलें. आईबाप दोघेहि निरोगी दिसतात, म्हणून बाह्य लक्षणांच्या परीक्षेंत हा दोष कधींच सांपडला नसता. अमेरिकेंतील क्वार्टर जातीचा इंप्रेसिव्ह हा 1969 मध्यें जन्मलेला वळू पिळदार स्नायूंमुळें प्रदर्शनांत गाजला, आणि त्याची संतति हजारोंनीं वाढली. त्या वंशांत स्नायु थरथरून जनावर कोसळण्याचा जो रोग पसरला, त्याचें बीज 1992 मध्यें उघडकीस आलें. ज्या लक्षणासाठीं तो वळू निवडला गेला, तें लक्षण व हा रोग यांचा संबंध निकट असल्याचें मानलें जातें. इंग्लंडांत 1886 सालीं तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा ऑर्मंड हा घोडा घोरणारा निघाला. गळ्याच्या डाव्या बाजूचा मज्जातंतु क्षीण झाल्यानें होणारा हा विकार उंच घोड्यांत अधिक आढळतो, व त्याचा कल वंशपरंपरेनें उतरतो.

आतां दुसरी बाजू. संघातजन्य व्यंगें जातीपेक्षां चाकरीप्रमाणें बदलतात. शर्यतीच्या घोड्याच्या पुढील पायाची मागची शीर सुजून धनुष्यासारखी बांक घेते. दोन वर्षांच्या कोंवळ्या जनावराच्या नळीचें हाड दुखावतें. भरधांव दौडींत फुप्फुसांतून रक्त येतें. उड्या मारणाऱ्यास पुढच्या पायांच्या शिरांचा, तर शिकवलेल्या मंद चालीच्या घोड्यास मागच्या पायांतील आधारबंधाचा त्रास अधिक. चेंडूच्या खेळांत काठीचा व चेंडूचा मार नळीवर बसतो. दूर पल्ल्याच्या घोड्यास श्रम, घाम व पाण्याचा अभाव हेच शत्रु.

मराठ्यांच्या फौजेंतील घोडा या शेवटच्या वर्गांत मोडतो. त्याचे रोग लांब कूचींचे रोग होत : पाठ लागणें, नाल पडून खूर फुटणें, चंदीवांचून हाडें निघणें. पानिपतावर 1761 च्या आरंभीं दाणावैरण बंद झाल्यावर घोड्यांची जी दशा झाली ती सर्वांस ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेंतील 1899 ते 1902 च्या युद्धांत इंग्रजांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. त्यांतील बहुतेक श्रमानें, उपासमारीनें व रोगानें गेले. गोळ्यांनीं मेलेले थोडे. फौजेच्या घोड्याचा खरा वैरी पुष्कळदां आपलाच बाजारबुणगा असतो.

बारगिराचा घोडा सरकारचा व शिलेदाराचा स्वतःचा, हा भेद येथें महत्त्वाचा ठरतो. शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे त्याची रोजी गेली. म्हणून पडलेल्या घोड्याची भरपाई हा वादाचा विषय होता. घोडा लढाईंत पडला, वाटेंत मेला, कीं मुळांतच खोडीचा होता, यावर पैसा मिळणें अवलंबून असल्यास, त्या नोंदींतील प्रत्येक शब्दामागें कोणाचा तरी स्वार्थ उभा आहे हें संशोधकानें विसरूं नये.

दोन्ही वर्गांची सीमा सर्वत्र स्पष्ट असते असेंहि नाहीं. एक दिवस विसाव्यांत भरपूर चंदी खाऊन दुसऱ्या दिवशीं कामास जुंपतांच घोड्याचे स्नायु आंखडतात व तो जागींच खिळतो, हा विकार जुना आहे. मोतद्दारानें त्याचा दोष चंदीस दिला असता, व तो अगदीं चुकीचाहि नव्हता. परंतु अवजड ओढीच्या व इतर अनेक जातींत या विकाराचें एक बीज वंशांतूनच येतें, असें 2008 मध्यें सिद्ध झालें. बीज जन्माचें, निमित्त चाकरीचें. असल्या रोगास सुश्रुताच्या कोणत्या एका कप्प्यांत घालावें ?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. जुन्या नोंदींतील रोगास आजचें नांव देण्याचा मोह टाळावा. एका लंगडण्याची कारणें अनेक असतात. चित्रित पोथींतील घोडा बहुधा लक्षणश्लोकास अनुसरून काढलेला असतो, तेव्हां त्यास पागेंतील खऱ्या जनावराचा पुरावा मानूं नये. उलट ज्या टिपा आपण क्षुद्र समजतों त्या जपाव्यात : समासांतील औषधाचें प्रमाण, अमक्या घोडीचें शिंगरूं मेल्याची ओळ, घोडा कोणाकडून व किती रुपयांस घेतला याची आठवण. एकाच पागेंतील एका घोडीचीं दोन-तीन शिंगरें लागोपाठ मेल्याची नोंद मिळाली, तर तिचें मोल शंभर भोंवऱ्यांच्या फलश्रुतीहून अधिक आहे. भीमथडी तट्टांचा वंश टिकविण्याचा यत्न आज पुन्हां चालू असतां अशा नोंदींचा उपयोग केवळ इतिहासापुरता राहणार नाहीं.

शालिहोत्राच्या पोथ्यांच्या याद्या करतांना ग्रंथाचें नांव व पत्रसंख्या एवढ्यावर न थांबतां त्यांतील परहस्ताच्या टिपाहि उतरून घ्याव्यात. मूळ ग्रंथाची दुसरी प्रत अन्यत्र मिळेल. एका सालोत्र्यानें आपल्या हातानें लिहिलेली एक ओळ वाळवीनें खाल्ली तर ती कोठेंच मिळणार नाहीं.