रातपाळीची झोप कुणी मोजली?

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तोवर अनेक घरांना वेगळ्या घड्याळाची गरज नव्हती. एका भोंग्याला चूल पेटे, पुढच्या भोंग्याला माणूस घराबाहेर पडे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, त्याला आणखी एक गोष्ट आठवेल. भर दुपारी आई दटावून सांगे, ‘हळू बोला, रातपाळी करून आलेत.’ एका खोलीचे घर, वर तापलेला पत्रा आणि सोलापूरचा मे महिना. त्या खोलीत दिवसा घेतलेली झोप किती तासांची होती आणि वर्षानुवर्षे तशी झोप घेतल्यावर शरीराचे काय झाले? या प्रश्नाकडे शास्त्र केव्हा वळले आणि त्यात आपले सोलापूर कुठे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. त्या काळी दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा सर्वसाधारण रिवाज होता. म्हणजे गिरणीला आवर घालणारा सूर्यच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे दिवे आले आणि तो आवर सुटला. १९०५ च्या सुमारास मुंबईतल्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर सरकारने चौकशा नेमल्या. १९०७-०८ च्या फॅक्टरी कमिशनमध्ये मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्या तासांवरही थेट मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ती बारा तासांची झाली. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात अठ्ठेचाळीस.

या आकड्यांमागे नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासूनच्या कामगार पुढाऱ्यांचे कष्ट आहेत आणि त्यांचे मोल कमी नाही. पण याच इतिहासाला एक दुसरी बाजू आहे. माणसाचे तास घटले, तरी मालकाला यंत्र थांबवणे परवडत नव्हते. दिवस बारा तासांचा होता तेव्हा चोवीस तासांत दोनच पाळ्या बसत. तो आठ तासांवर आला, तेव्हा तीन पाळ्यांचे गणित आपोआप जुळले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली आणि रातपाळी गिरण्यांच्या अंगवळणी पडली. किती तास काम करायचे, हा प्रश्न कायद्याने बराचसा सोडवला. ते तास कोणत्या वेळी, हा प्रश्न पुरुषांच्या बाबतीत जवळजवळ मोकळाच राहिला. स्त्रियांना मात्र कायद्याने रात्री कारखान्याबाहेर ठेवले होते.

सोलापूरच्या कामगारांकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, असे म्हणता येणार नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने इथल्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी करून १९२८ मध्ये अहवाल छापला. गोखले संस्थेचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. अशा पाहण्यांचा विषय मजुरी, धान्य, भाडे आणि कर्ज हा होता. कामगाराची झोप हा त्यांचा विषय नव्हता, आणि त्या काळी तो जगातही फारसा कुणाचा नव्हता.

तसे १७०० साली इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात रात्री जागून पाव भाजणाऱ्या भटारखानेवाल्यांची दखल घेतली होती. पण पद्धतशीर संशोधन सुरू झाले ते पहिल्या महायुद्धात, ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत. तिथे प्रश्न आरोग्याचा होता, तसाच उत्पादनाचाही होता: दमलेल्या माणसाकडून माल किती निघतो? पुढचे महत्त्वाचे पाऊल १९५५ चे. स्वीडनमधल्या एका गॅस कारखान्यात कामगार दर तासाला मापकांवरचे आकडे वहीत लिहीत. संशोधकांनी १९१२ ते १९३१ या वीस वर्षांच्या वह्या काढल्या आणि त्यांतल्या सुमारे ७५ हजार चुका वेळेनुसार मांडल्या. सर्वांत जास्त चुका पहाटे तीनच्या सुमारास होत्या. दुपारच्या जेवणानंतरही एक लहान चढ होता. वीस वर्षे लोटली, माणसे बदलली, पण पहाटेचे तीन वाजले की हात चुकतच होता.

मग संशोधन चुकांकडून रोगांकडे वळले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनच्या एका कागद गिरणीचा अभ्यास आला. ५०४ कामगारांचा पंधरा वर्षे माग ठेवला होता. पाळीत काम करण्याची वर्षे वाढत गेली, तसा हृदयविकाराचा धोका वाढत गेला. सोळा ते वीस वर्षे पाळी केलेल्यांत तो दिवसपाळीवाल्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. गंमत पुढे आहे. वीस वर्षांहून जास्त पाळी केलेल्यांत तो पुन्हा खाली आलेला दिसला. शरीर सरावले म्हणून? अभ्यासकांना वेगळी शंका येते: ज्यांना झेपले नाही, ते आधीच काम सोडून गेले. उरले ते मुळातच काटक.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणारे पाळीकाम ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले आणि २०१९ च्या फेरतपासणीत रातपाळीला तोच वर्ग कायम ठेवला. मधल्या काळात, २०१६ मध्ये, ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत रातपाळी आणि स्तनांचा कर्करोग यांत संबंध आढळला नव्हता. त्यामुळे ‘बहुधा’ हा शब्द पुसून चालणार नाही. शरीरातल्या घड्याळाविषयी मात्र आता शंका उरलेली नाही. ते पेशीपेशीत कसे चालते, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. या घड्याळाला रोज चावी देतो तो प्रामुख्याने उजेड. रातपाळी सुटल्यावर सकाळच्या उन्हात सायकल मारत घरी जाणारा कामगार झोपायला निघालेला असतो, आणि ते ऊन त्याच्या शरीराला सांगत असते, दिवस सुरू झाला.

आपल्याकडेही काम झाले आहे. मदुराईला चंद्रशेखरन यांनी माणसाला उजेड आणि घड्याळ यांपासून दूर ठेवून त्याच्या अंतर्गत लयीचा अभ्यास केला. रायपूरचे अतनू कुमार पती आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये पाळीकामाच्या परिणामांचा विस्तृत आढावा घेतला. अहमदाबादच्या नाग आणि पटेल यांनी पाळीत काम करणाऱ्यांच्या अपघातांवर १९९८ मध्ये निबंध लिहिला.

आता सोलापूरकडे परत येऊ. स्वीडनच्या अभ्यासाला काय लागले होते? एक जुना कारखाना, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम आणि जपलेल्या वह्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे भरपूर होत्या. जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली. त्याच दशकात, १९६३ मध्ये, सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर घडू लागले आणि जुन्या गिरणीचा कामगार पांगू लागला. पुढे एकेक करून इतर गिरण्याही शांत झाल्या. शिवाय आपल्या गिरण्यांत ‘बदली’ कामगार असत. कुणाला रातपाळी झेपली नाही, तर तो मराठवाड्यातल्या, कर्नाटकातल्या किंवा तेलंगणातल्या गावी निघून जाई, आणि त्याच्या जागी दुसरा उभा राही. स्वीडनमध्ये वीस वर्षांनंतर आलेखातून जी माणसे गळाली, तशीच आपली गावी परतलेली माणसे कुणाच्याच आलेखात आली नाहीत.

तिसरी गोष्ट, म्हणजे वह्या. हजेरीचे मस्टर, अपघातांची नोंदवही, कामगार विमा दवाखान्यांतली कागदपत्रे. यांतले जे काही कुठे गोदामात, संघटनेच्या कपाटात किंवा एखाद्या निवृत्त कारकुनाच्या माळ्यावर शिल्लक असेल, ते रद्दीत जाऊ नये. पंचवीस-तीस वर्षांनी काढलेल्या वहीतूनही पहाटेचे तीन वाजलेले दिसतात, हे स्वीडनने दाखवले आहे.

आणि हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. गिरण्या गेल्या, रात्र राहिली. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागतील. गाळप एकदा सुरू झाले की थांबत नाही, ते रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालते. इस्पितळात परिचारिका जाग्या असतील, यंत्रमागावर कुणी तुटलेला धागा जोडत असेल. त्यांतला कोणी सकाळी घरी येऊन पडदा ओढून आडवा होईल, आणि कुणीतरी पोरांना दटावेल, ‘हळू बोला.’ त्या झोपेची मोजणी आता तरी व्हावी.