गोव्यांतील राजाचें इस्पितळ

आपण नित्याच्या बोलण्यांत जो "इस्पितळ" शब्द वापरतों, तो पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला, आणि शब्दाबरोबर ती संस्थाहि आली. कोंकणपट्टींतील आपल्या पूर्वजांच्या घरीं कोणी आजारी पडलें तर आई, बायको किंवा भावजय उशाशीं बसे, वैद्य घरीं येई, पथ्याची पेज घरच्या चुलीवर शिजे. रुग्णास घरांतून उचलून परक्यांच्या स्वाधीन करावें व शेकडों अनोळखी आजाऱ्यांच्या रांगेंत निजवावें, ही रीति त्यांस नवी होती. ती येथें कशी रुजली, हें पाहूं गेल्यास प्रथम गोव्याच्या राजाच्या इस्पितळाकडे वळावें लागतें. इस्पितळांचा इतिहास बहुधा तीं बांधणारे लिहितात. पायाचा दगड कोणीं बसविला, देणगी किती मिळाली, उद्‌घाटनास कोण आले, इतकें सांगून तो संपतो. या इस्पितळाचें भाग्य असें कीं, त्यांतील खाटेवर पडलेल्या माणसानें व तें डोळ्यांनीं पाहिलेल्या प्रवाशांनीं आपले अनुभव लिहून ठेविले. त्यांचें म्हणणें एकमेकांशीं जुळत नाहीं, हीच त्यांतील मौज आणि त्यांतील दुःख.

आल्बुकर्क यानें सन १५१० मध्यें गोवें घेतल्यानंतर लौकरच हें इस्पितळ स्थापन केलें. गरज उघड होती. लिस्बन सोडलेलें जहाज गोव्यास पोहोंचण्यास सहा महिने, कधीं त्याहूनहि अधिक लागत. ताजी भाजी नाहीं, पाणी कुजलेलें, हिरड्या सुजून दांत पडावयाचे. अशा स्थितींत शेंकडों शिपाई मांडवीच्या धक्क्यावर उतरत, आणि उतरतांच त्यांस हिंवताप, अतिसार व महामारी गांठीत. या महामारीचें वर्णन गार्सिया द ओर्ता या वैद्यानें गोव्यांतच सन १५६३ मध्यें छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत केलें आहे. त्यानें तिला दिलेलें नांव आपल्या आजीच्या तोंडच्या "मोडशी" शब्दाचेंच पोर्तुगीज रूप आहे, हें वाचकांस लगेच ओळखूं येईल.

प्रथम या इस्पितळाचा कारभार मिझेरिकॉर्दिया नांवाच्या करुणामंडळाकडे होता. (अशींच मंडळें पुढें वसईसारख्या इतर पोर्तुगीज शहरांतहि निघालीं.) ता. ६ मे १५४२ रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. पोपचे प्रतिनिधि या नात्यानें त्यांस मोठ्या वाड्यांत राहतां आलें असतें, परंतु त्यांनीं या इस्पितळांत बिऱ्हाड केलें. सकाळीं ते रुग्णांचें पापनिवेदन ऐकत व त्यांस प्रभुभोजन देत. दुपारीं बंदिवानांकडे जात. रविवारीं शहराबाहेर महारोग्यांकडे जात. रात्रीं जो रुग्ण सर्वांत अत्यवस्थ असेल, त्याच्या खाटेजवळ जमिनीवर ते निजत. त्यानें हांक मारिली तर लगेच उठतां यावें हा हेतु. आपण या संताचें स्मरण धर्मप्रसारासाठीं करतों तें योग्यच आहे. परंतु घरापासून हजारों कोस दूर मरणाऱ्या पोराला अंधारांत हांकेला ओ देणारा कोणी जवळ आहे, ही गोष्ट त्या पोराला कशी वाटली असेल याचा विचार फारसा होत नाहीं.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस कारभार येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातीं आला. त्यांच्याच अमदानींत, सन १६०८ मध्यें, फ्रान्स्वा पिरार नांवाचा एक फ्रेंच प्रवासी तेथें रुग्ण म्हणून दाखल झाला. याचें जहाज सन १६०२ मध्यें मालदीव बेटांवर फुटलें, पांच वर्षें तो तेथें अडकून पडला, सुटून मलबारांत आला तों पोर्तुगीजांनीं पकडला, आणि कोचीनच्या भयंकर तुरुंगांतून आजारी अवस्थेंत गोव्यास आणला. म्हणजे हा पाहुणा नव्हता, शत्रुपक्षाचा बंदी होता. त्याच्या साक्षीस वजन आहे तें यामुळें. पोर्तुगीजांची स्तुति करण्याचें त्याला कांहीं कारण नव्हतें, आणि इतर ठिकाणीं त्यानें ती केलेलीहि नाहीं.

इस्पितळाच्या दाराशीं येतांच त्याला वाटलें कीं हा कोणा सरदाराचा वाडा असावा. दरवाजावर राजाच्या इस्पितळाचा लेख दिसला तेव्हां खरें कळलें. दगडी जिन्यानें त्याला वर नेलें. वैद्य, शस्त्रवैद्य व औषधें देणारा यांनीं तपासून जागा नेमून दिली. न्हाव्यानें अंगावरचे केंस काढले, आंघोळ घातली. मग स्वच्छ विजार, पांढरा सदरा, टोपी व सपाता मिळाल्या. खाट लाल रोगणाची. गादी, उशी व चादर पांढऱ्या सुती कापडाची. उशाशीं पंखा, पाण्याची सुरई, हात पुसण्याचें वस्त्र व रुमाल. आणि कापडें दर तीन दिवसांनीं बदलावयाचीं! सायंकाळीं भाजलेली कोंबडी वाढली, तीहि चिनी मातीच्या भांड्यांतून. तुरुंगांत बेड्यांनीं पाय सोलवटलेला हा मनुष्य तें ताट पाहून थक्क झाला. सर्व जगांत याहून उत्तम इस्पितळ नसेल, असा अभिप्राय त्यानें मागाहून ग्रंथांत दिला.

सकाळीं आठ वाजतां व दुपारीं चार वाजतां घंटा होई, आणि वैद्य आपल्या माणसांसह प्रत्येक खाटेपाशीं फिरे. बरे होत असलेल्यांस हिंडण्याफिरण्यास बागा होत्या. भेटीच्या वेळाहि ठरलेल्या असत, सकाळीं आठ ते अकरा व दुपारीं तीन ते सहा. आजच्या इस्पितळांत दाराशीं पहारेकऱ्याशीं हुज्जत घालणाऱ्या नातलगांस चारशें वर्षांपूर्वींचा हा नियम ओळखीचा वाटेल. परंतु एक फरक आहे. भेटीस आलेल्या मित्रास रुग्णाबरोबर जेवण्याची मुभा होती, आणि मित्र बसलेला दिसला तर सेवक अधिक अन्न आणून ठेवीत. त्या शिपायांस गोव्यांत आई नव्हती, बहीण नव्हती. जहाजावरचा सोबती हेंच त्यांचें कुटुंब. आजारी माणूस एकटा जेवत नाहीं, समोर कोणी जेवूं लागलें तर दोन घांस जास्त घेतो, हें कळणारा कोणी तरी त्या कारभारांत होता असें मला वाटतें. जातांना रुग्णास अंगावर कपडे मिळत. पिरारला ते मिळाले, आणि बाहेर पडतांच सरकारी माणसांनीं त्याला पुन्हां बंदिखान्यांत नेलें!

बंदिखान्यांतून त्याची सुटका ज्यांच्या खटपटीनें झाली, त्यांचीं नांवें मराठी ख्रिस्ती वाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावीं. एक इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स, आणि दुसरे त्याचेच देशबंधु फादर एतिएन द ला क्रुवा. पहिल्यांचें ख्रिस्तपुराण सन १६१६ मध्यें छापलें गेलें. दुसऱ्यांनीं संत पेत्रावर आपल्याच भाषेंत पुराण रचिलें. त्याची छपाई सन १६२९ च्या सुमारास झाली. ज्यांच्या ओव्या आपल्या वाडवडिलांनीं देवळांत ऐकल्या, ते दोघे एका परक्या, आजारांतून नुकत्याच उठलेल्या कैद्यासाठीं अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत होते.

आतां दुसरी बाजू. पिरारच्या आधीं, सन १५८३ ते १५८८ पर्यंत, लिन्स्खोटेन नांवाचा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरीं कारकून होता. तो म्हणतो कीं, या इस्पितळांत दरसाल पांचशेंहून अधिक माणसें जिवंत आंत जातात व मेल्यावांचून बाहेर येत नाहींत. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तेथें २५,००० शिपाई मेल्याचें त्या काळीं सांगण्यांत येई. पिरार खोटें बोलला काय? मला तसें वाटत नाहीं. चिनी मातीचें ताट खरें होतें, स्वच्छ चादरहि खरी होती. पण हिंवताप डासानें येतो व मोडशी पाण्यानें, हें त्या काळीं पृथ्वीवर कोणासच ठाऊक नव्हतें. वैद्याच्या हातीं मुख्य उपाय एकच, शीर तोडून रक्त काढणें. सेवा उत्तम आणि चिकित्सा निरुपयोगी, अशी ती विलक्षण सांगड होती. पिरार वांचला याचें बरेंचसें श्रेय त्या भाजलेल्या कोंबडीस व अंथरुणास द्यावें लागेल.

शिवाय हा राजवाडा कोणासाठीं होता, हा प्रश्न राहतोच. तो गोऱ्या शिपायांसाठीं होता. पाण्याच्या घागरी वाहणारे, कपडे धुणारे, खाटा बनविणारे आपले लोक तेथें रुग्ण म्हणून निजूं शकत नव्हते, मग ते बाप्तिस्मा घेतलेले कां असेनात. एकाच वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्यांस आजारपणांत दोन दारें असावीं, हें आज वाचतांना मनास बोंचतें, आणि तें सौम्य शब्दांत सांगण्याचें कारण मला दिसत नाहीं. देशी गरिबांसाठीं येशूसंघीयांनीं संत पावलाच्या विद्यालयाजवळ निराळें इस्पितळ काढलें. झेवियर यांचे सोबती फादर पावलू कामेर्ते यांनीं तेथें अनेक वर्षें स्वतः रुग्णसेवा केली. तेथील रुग्णांपैकीं कोणींहि पिरारप्रमाणें ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांच्या ताटांत काय पडे, त्यांच्या आया-बहिणींस आंत बसूं देत कीं दाराशीं थोपवीत, हें त्यांच्या तोंडून ऐकण्याची सोय राहिली नाहीं.

घरीं राहणाऱ्या आजाऱ्यांवरहि संकट होतेंच. सन १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ती लोकांनीं ख्रिस्तीतर वैद्यांकडून औषध घेऊं नये असा ठराव केला. कल्पना करा, पोराला ताप भरला आहे, आजोबांपासून नाडी पाहणारा वैद्य दोन घरें पलीकडे राहतो, आणि त्याला हांक मारणें गुन्हा! प्रत्यक्षांत काय झालें हें लिन्स्खोटेनच सांगतो. व्हाइसरॉय, खुद्द आर्चबिशप व मठांतील धर्मगुरू हे सर्व आपल्या देशच्या वैद्यांपेक्षां या हिंदु वैद्यांवरच अधिक भरंवसा ठेवीत. ज्यांनीं नियम केला त्यांनाच तो पाळवेना. अखेर सन १६१८ मध्यें गोव्याच्या नगरसभेनें हिंदु वैद्यांची संख्या तीसांवर आणून, परवाना देऊन तडजोड केली. गरिबाच्या घरीं मात्र कोणता वैद्य रात्रीं मागील दारानें आला, याची नोंद कोणत्या दप्तरांत सांपडणार?

पिरारनंतर तीस-चाळीस वर्षांनीं तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोव्यास दोनदां आला, सन १६४१ व १६४८ मध्यें. पहिल्या खेपेस इस्पितळाची कीर्ति टिकून होती. पुढें कारभारी बदलले आणि सर्व फिरलें, असें तो लिहितो. रक्त काढणें तीस-चाळीस वेळांपर्यंत चाले. मुरंबे व मिठाई भरपूर मिळे, पण अंगीं शक्ति आणणारें अन्न मिळेना. आणि सर्वांत वाईट म्हणजे तहानेनें कासावीस झालेल्या गरीब रुग्णास सेवक हातावर कांहीं पडल्याशिवाय घोटभर पाणीहि देत नसत. वैद्याची मनाई आहे, चोरून देतों, असें भासवून ते त्या पाण्याचा भाव वाढवीत. बऱ्या होणाऱ्यास रंग यावा म्हणून बारा दिवस गोमूत्र पाजीत, हेंहि त्यानें नोंदविलें आहे. पोर्तुगीज राजाच्या इस्पितळांत हें औषध पाहून वाचकांस हंसूं आल्यास नवल नाहीं. पण पाण्याच्या त्या घोटाची गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. इमारत तीच, खाटा त्याच, घंटाहि तीच. बदललें तें फक्त खाटेशीं उभें राहणारें माणूस.

पुढचा वृत्तांत थोडक्यांत सांगतां येतो. जुनें गोवें रोगराईनें ओस पडत गेलें. सन १७५९ मध्यें येशूसंघीयांस गोव्यांतून घालवून देण्यांत आलें. इस्पितळ पणेली येथील व्हाइसरॉयच्या जुन्या वाड्यांत गेलें व तेथून पणजीस आलें. सन १८४२ मध्यें त्याच्याशीं जोडून वैद्यकशाळा सुरू झाली, आणि ज्यांस पूर्वीं त्या दारांतून रुग्ण म्हणूनहि प्रवेश नव्हता त्यांचीं मुलें तेथें डॉक्टर होऊं लागलीं. मुंबईंत व आफ्रिकेंत नांव काढलेले कित्येक गोमंतकीय डॉक्टर याच शाळेचे. सन १९६३ मध्यें तिचें गोवा मेडिकल कॉलेज झालें. आतां तें बांबोळीच्या पठारावर आहे. पणजीच्या जुन्या इमारतींत सन २००४ पासून चित्रपट महोत्सव भरूं लागला. मांडवीच्या कांठचें मूळ इस्पितळ मात्र नाहींसें झालें आहे. पिरार ज्या दगडी जिन्यानें चढला त्याची एक पायरीहि तेथें दाखवितां येत नाहीं.